पाटी धुवायचा दगड

आमच्या गावच्या शाळेतल्या देवीची गोष्ट तुम्ही जुईनगरच्या किंवा नेरूळच्या एखाद्या सोसायटीत ऐकली असेल, तर ती साधारण अशी असेल. खाडीत जाळं टाकणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या जाळ्यात एकच दगड पुन्हा पुन्हा यायचा. तो दर वेळी परत पाण्यात टाकायचा. शेवटी दगड त्याच्या स्वप्नात आला आणि म्हणाला, मला पोरांच्या आवाजात राहायचंय. म्हणून तिचं ठाणं शाळेमागं. दगडावर ज्या उभ्या खाचा आहेत त्या तिच्या बोटांच्या.

ही गोष्ट मी रचली. रचली म्हणण्यापेक्षा बोलता बोलता तोंडातून येत गेली. बेलापूरच्या एका कार्यालयात, साहेबाच्या टेबलासमोर, हातात चहाचा कप असताना. त्या वेळी मला ती फार चांगली जमली असं वाटलं होतं.

आता मंदिर समितीनं माझ्याकडे शाळेच्या इमारतीचा इतिहास मागितला. स्मरणिकेत छापायचा होता, दोन पानं, फोटोसकट. मी बी.ए.ला इतिहास घेतला होता, त्यामुळे गावात इतिहास म्हणजे मी. त्यातून सरकारी कचेरीत हेडक्लार्क, शर्ट आत खोचणारा. म्हणून सगळे मला सायेबच म्हणतात. लिहायला बसलो आणि समितीला हवा होता तो इतिहास हातून उतरेना. जो उतरला तो हा. त्यांनी तो छापला नाही, त्यात त्यांची चूक नाही.

शाळा माझ्या आज्याच्या वेळची. तोवर पोरं एका मिठागरवाल्याच्या पडवीत शिकायची. गावकीनं ठरवलं, आपली शाळा आपण बांधायची. दगड टेकडीचा मिळाला, लाकूड मिळालं, अडलं ते चुन्यावाचून. मग खाडीतल्या कालवांच्या शिंपल्या जाळून चुना करायचा असं ठरलं. पण एवढ्या शिंपल्या गोळा कोण करणार? तेव्हा गावकीनं एक नामी युक्ती काढली. गावात जो भांडेल, दारू पिऊन शिमग्यात कुणाच्या दारात गोंधळ घालेल, बांधावरून शेजाऱ्याचं डोकं फोडेल, त्याला दंड म्हणून शिंपल्यांच्या टोपल्या. आजा सांगायचा, "एका साली भांडनं कमी झाली त शालेची भिंत तशीच रायली. मंग जानत्यांनी दोघा साडूंना मुद्दाम लावून दिलं." खरं-खोटं त्यालाच ठाऊक. पण त्या भिंतींत न जळालेले शिंपल्यांचे तुकडे होते, हे मी स्वतः पाहिलंय. आम्ही पोरं तासाच्या कंटाळ्यात ते नखानं उकरून काढायचो. गुरुजी ओरडायचे, "अरे, तुमच्या आज्यांची पापं आहेत ती, राहू द्या तिथंच."

गुरुजी साताऱ्याकडचे. तीन खोल्यांपैकी शेवटच्या खोलीत ते राहायचे. आले तेव्हा माशाच्या वासानं नाकाला धोतराचा सोगा लावायचे. जाताना त्यांच्या सामानात सुकटीचं गाठोडं होतं. त्यांनी मला वाचायला शिकवलं. समुद्राला उधाण येऊन खारबांध फुटायच्या बेतात असला की शाळा सुटायची आणि मोठी पोरं चिखल वाहायला जायची. गुरुजीही यायचे, धोतर वर खोचून. आमच्यात आणि त्यांच्यात मग दोन दिवस काही अंतर उरायचं नाही.

मागच्या अंगाला विहीर होती. विहिरीच्या काठाला एक काळा, लांबट दगड. त्यावर आम्ही पाट्या धुवायचो आणि दगडी पेन्सिलींना टोक काढायचो. किती वर्षं, किती पोरांनी त्यावर पेन्सिली घासल्या असतील. त्यानं त्याला उभ्या खाचा पडल्या होत्या. बोट घातलं तर बसायचं.

पुढं शहर आलं. शेतं गेली, मिठागरं गेली. पक्की शाळा रस्त्यापलीकडं झाली. पोरं तिकडं गेली आणि या इमारतीला कुलूप लागलं. मग ती गावाची अडगळ झाली. हळदीच्या मांडवाचे बांबू, कबड्डीच्या चटया, गणपतीचं मखर, पावसाळ्यात कुणाच्या तरी शेळ्या. आम्ही सगळेच तोवर बदललो होतो. भरपाईच्या पैशांतून, उरलेल्या गावठाणात आम्ही खोल्या बांधल्या, चाळी बांधल्या, मग चाळींवर मजले चढवले. मीही बांधली चार मजली. भाडेकरू आले. परभणी-नांदेडचे, बिहारचे, बंगालचे. नवराबायको दोघं सकाळी साइटवर जायची, आणि लहान पोरांना खोलीत कोंडून बाहेरून कुलूप लावायची. दुसरं करतील काय?

ते कुलूप वयनीनं उघडलं.

वयनी म्हणजे माझ्या चुलतभावाची बायको. त्याआधी ती माझ्याच वर्गातली. गावातल्या गावात दिलेली. चौथीपर्यंत मला शिवी दिल्याशिवाय हाक न मारणारी पोरगी लग्न झाल्यावर एकदम "भावजी" म्हणायला लागली. आम्हा दोघांनाही ते पहिलं वर्षभर जड गेलं. भाऊ लवकर गेला. ती पहाटे दिवाळे गावच्या बंदरावर जाऊन मासळी घ्यायची, सोसायट्यांतून विकायची. एका दुपारी रिकामी टोपली घेऊन चाळीतून येताना तिला बंद दाराआड पोर रडताना ऐकू आलं. दाराच्या फटीतून तिनं त्याला बोट दिलं, ते पोर बोट धरून झोपलं, आणि ही तशीच दाराबाहेर बसून राहिली. आई येईस्तोवर. दुसऱ्या दिवशी तिनं गावकीकडे जुन्या शाळेची किल्ली मागितली.

"शेल्या बसतात तितं पोरं बसतील," एवढंच म्हणाली. जाणत्यांना नाही म्हणता आलं नाही.

तिची बालवाडी कशी चालायची हे मी फार वेळा पाहिलं नाही. जाता-येता ऐकायचो. चार भाषांतली पोरं, आणि ही त्यांना आमच्या बोलीत गाणी शिकवायची. बिहारची पोरं "हाय" आणि "नाय" म्हणायला लागली. पोरांच्या आया जाताना वयनीच्या पाया पडायच्या, आणि ती ओरडायची, "बये, माज्या पाया पडू नको, पोराचं नाक पुस."

मग नोटीस आली. शाळेचा प्लॉट वाहनतळासाठी आरक्षित आहे, बांधकाम हटवावं.

त्या संध्याकाळी वयनी माझ्याकडं आली. आतसुद्धा आली नाही, जिन्यावर उभी राहिली. "भावजी, शाला गेली त पोरं पुना कुलपात जातील. मला कोन ईचारत नाय. तुमी कचेरीतले. तुमच्या शब्दाला वजन हाय."

मी म्हणालो, "बघतो." साहेब लोक म्हणतात तसं.

बैठक शाळेच्याच ओट्यावर भरली. वयनी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. बायका बैठकीत बसत नाहीत, पण दारात उभ्या राहिल्या तर कुणी हाकलत नाही. अर्ज, मोर्चा, आमदार असं सगळं बोलून झालं. मग बांधकामाचे ठेके घेणारा माझा एक पुतण्या म्हणाला, "कशाला टेन्शन घेता? देव बसवा ना. मग कोन हात लावतो ते बघू."

आमच्या पट्ट्यातल्या गावांना हा उपाय ठाऊक आहे. आमची शेतं मोजली गेली, मिठागरं बुजवली गेली, कुणी काही करू शकलं नाही. पण देवाच्या जागेला यंत्र लावायची पाळी आली की ड्रायव्हरच खाली उतरतो. म्हणतो, दुसऱ्याला बोलवा, माझी पोरंबाळं आहेत. त्यामुळे ज्याची जागा जायची वेळ येते तो आधी शेंदूर आणतो. आम्ही यात काही वाईट मानत नाही. देवीसुद्धा गावाचीच, तिनं गावाला मदत करायची नाही तर कुणी करायची?

एक जाणता म्हणाला, "पन नवा देव बसवला त सायेब ईचारल, कवा बसवला? रंगाचा वास येल."

सगळे हसले. दुसरा म्हणाला, "जुना पायजे."

आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. इतिहास माझा ना.

मी खरंच शाळेचा विचार करत होतो. म्हणजे असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. थोडा विचार वयनीच्या त्या "वजना"चाही होता. मी म्हणालो, "मागं विहिरीजवल तो काला दगड हाय ना..."

मग सगळ्यात म्हातारा म्हणाला, "हां. हाय खरा दगड."

कुणीच दुसरं काही बोललं नाही. मला वाटलं, एवढ्या वर्षांनी फक्त मलाच आठवतंय. मी दाराकडं पाहिलं. वयनी माझ्याकडंच बघत होती. तिनं मान खाली घातली. तिला ती जागा हवी होती, पोरांसाठी.

नोटिशीवर हरकत घेतली, बेलापूरला सुनावणी लागली. तिथला साहेब देशावरचा, सज्जन माणूस. त्यानं विचारलं, "शाळा होती ना तिथं? मग देवस्थान कधीपासून?" मी म्हणालो, "शाळा नंतरची साहेब. देवी आधीची." आणि मग जाळं आलं, म्हातारा आला, स्वप्न आलं, बोटांच्या खाचा आल्या. मला थांबताच येईना. बोलता बोलता माझी नजर टेबलाखाली गेली. साहेबानं पायातल्या चपला हळूच सारून बाजूला केल्या होत्या आणि पाय जमिनीवर टेकले होते. माझ्या गोष्टीसाठी. मला तेव्हाच लाज वाटायला हवी होती. पण मला वाटला अभिमान.

आरक्षण दुसरीकडं गेलं. गावानं मटण केलं. "सायबानं देवी आनली," म्हणून माझ्या पानात नळ्या पडल्या.

पहिले काही महिने नुसता एक दिवा होता. दगड तिथंच विहिरीकाठी, शेंदूर लावलेला. एका बाजूला बालवाडी, मागं देवी. वयनी रोज सकाळी दगडाला हळदकुंकू लावायची आणि पोरांना रांगेनं पाया पडायला लावायची. मला ते बरं वाटायचं. सगळं जमलं असं वाटायचं.

मग लोक येऊ लागले. आधी गावचे, मग पलीकडच्या सोसायट्यांतले. मुंबईहून, कोकणातून, घाटावरून आलेली नोकरदार माणसं. त्यांना इथं आपली अशी देवी नव्हती, आणि खाडीतून वर आलेली देवी कुणाला नको असते? पाऊस लागेल म्हणून दगड आतल्या खोलीत आणला. गुरुजी राहायचे त्या खोलीत. मग दुसऱ्या खोलीत भजनाचं सामान आलं. बालवाडी एका खोलीत आली, मग सणावाराला ओट्यावर. समिती झाली. मी सचिव झालो. कुणी म्हणालं, मासळीची टोपली दाराशी नको. वयनीनं टोपली घरी ठेवून यायला सुरुवात केली. कुणी म्हणालं, पोरं मागं कुठंही बसतात. वयनी स्वतः बादली घेऊन धुवायची. प्रत्येक वेळी ती माझ्याकडं बघायची, आणि मी म्हणायचो, "वयनी, थोरं अ‍ॅडजस्ट करा. जागा तर वाचली ना?"

आता ते सांगतो, जे सांगायचं म्हणून हा सगळा फाफटपसारा मांडला.

नवरात्रातला दिवस होता. खोली बायकांनी भरली होती, आणि त्यांच्यात माझ्या कचेरीतले वरिष्ठ सपत्नीक आले होते. माझ्याच सांगण्यावरून. मी त्यांना दगड दाखवत होतो, बोटांच्या खाचा दाखवत होतो. देवीपुढं ताटात खोबऱ्याचे तुकडे होते. बालवाडीतली एक मुलगी ओट्यावरून आत आली. परभणीकडच्या बाईची. चार वर्षांची असेल नसेल. नुसती चड्डी आणि मोठ्या माणसाचा बनियन. ती ताटाजवळ बसली आणि तिनं एक तुकडा तोंडात घातला.

कुणीतरी "अगं बाई" म्हणालं. वरिष्ठांच्या पत्नीनं पदर सावरला.

मी तिला मारलं. गालावर. आवाज झाला एवढ्या जोरात.

का, हे मी पुष्कळ वेळा स्वतःला विचारलंय. तिनं देवीचा अपमान केला असं मला वाटलंच नव्हतं. वाटणार कसं? त्या दगडावर मी स्वतः थुंकून पाटी पुसली होती. पण त्या खोलीत एकटा मीच असा होतो ज्याला ते माहीत होतं, असं मी धरून चाललो होतो. आणि म्हणूनच सगळ्यांत मोठा भक्त मला दिसायला हवं होतं. ज्यांचा विश्वास होता त्यांतल्या एकानंही हात उचलला नव्हता. नुसतं "अगं बाई" म्हणाले होते. दुसरा क्षण मिळाला असता तर कदाचित हसलेही असते.

ती रडली नाही. तिनं तोंडातला तुकडा काढला, बघितला, आणि परत ताटात ठेवला. व्यवस्थित, बाकीच्या तुकड्यांशेजारी.

कुणीतरी ताट बदललं.

वयनी ओट्यावरून आत आली. तिनं मुलीला उचललं. मला वाटलं ती आता बोलेल, चारचौघांत माझी लाज काढेल. लहानपणी काढायची तशी. ती अगदी हळू, मला एकट्यालाच ऐकू जाईल असं म्हणाली, "भावजी, तुमी त यावर पाटी धुतलीव." आणि पोरांना घेऊन निघून गेली.

दुसऱ्या दिवसापासून बालवाडी तिच्या घराच्या ओट्यावर भरायला लागली. तो ओटा केवढा? पावसात बंद झाली. पोरं पुन्हा कुलपात गेली. माझ्या इमारतीचा तळमजला त्या वेळी रिकामा होता, एका जिमवाल्याशी भाड्याची बोलणी चालू होती. वयनीला ते माहीत होतं. तिनं मागितला नाही, मी दिला नाही. जिम आली.

एवढं लिहायला मला इतकी वर्षं लागली. मधल्या काळात मी काय केलं? नोकरी केली. मुलीचं लग्न केलं. समितीच्या सभांना गेलो. वयनी दिसली की "कसं काय वयनी" म्हणायचो, ती "बरं हाय" म्हणायची.

गेल्या वर्षी ठरलं की जुनी इमारत पाडून मोठं मंदिर बांधायचं. संगमरवर, वर हॉल, खाली पार्किंग. ज्या पार्किंगसाठी सरकारला आम्ही अडवलं होतं ते शेवटी आमच्याच नकाशात आलं. बैठकीच्या आदल्या दिवशी वयनी माझ्याकडं आली. गुडघ्यांनी बेजार, काठी धरून. या वेळी आत आली, बसली.

"भावजी, शाला पारतात म्हने."

"हो."

"मंग सांगा ना त्यांना. कसला दगर हाय तो. कललं त शाला तरी सोरतील. देवीला हवं तितं बांधा देऊल, आमी पन येऊ." थोड्या वेळानं म्हणाली, "एक खोली सुटली तरी बास. परवा पुना एका दाराआरून आवाज आला. मी बसले थोरी, पन आता खाली बसलं त उठवत नाय."

मी हो म्हणालो. या वेळी "बघतो" म्हणालो नाही. रात्रभर मनात जुळवत होतो.

बैठकीत मी उभा राहिलो. सगळं सांगितलं. तो दगड पाट्या धुवायचा. जाळं, म्हातारा, स्वप्न सगळं माझ्या डोक्यातलं. खाचा पेन्सिलींच्या. मी गावाला फसवलं.

मग तोच सगळ्यात म्हातारा, जो तेव्हा "हाय खरा दगड" म्हणाला होता, तो खोकत खोकत हसायला लागला.

"बाला," तो म्हणाला, "आमी काय दुसऱ्या शालेत होतो? मी तुज्याआधी धुतल्यात त्यावर पाट्या. माजी पेन्शील जाड होती, ती मोठी खाच हाय ना, ती माजी."

सगळे हसले. एकेकजण सांगायला लागला. कुणी त्या दगडावर पाय घासायचा, कुणी त्यावर कैरी फोडली होती. पन्नाशीच्या वरच्या प्रत्येकाला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पुतण्या म्हणाला, "काका, तुम्हाला काय वाटलं, आम्हाला तुमची स्टोरी खरी वाटली? अहो, आम्हालाच तर पायजे होती ती!"

"आनि आता काय झालं," एक जाणता शांतपणे म्हणाला, "यवढ्या लोकांनी हात जोरले. आता ती देवीच हाय. तू आनलीस का पोरांनी आनली, तिला काय त्याचं? तिनंच तुज्या तोंडून वदवलं आसल." यावर माना डोलल्या. मला ते पटलंही. आजही मला ते खोटं म्हणवत नाही.

नकाशा मंजूर झाला. एक खोली सोडायचा विषयसुद्धा निघाला नाही, कारण तो मी काढलाच नाही. माझी हवा गेली होती. इतकी वर्षं मी जे ओझं वाहिलं ते गावात कुणाच्या लेखी ओझंच नव्हतं, याचाच मला राग आला होता. कबुलीजबाब दिला आणि लोकांनी चहा दिला.

वयनी दारातच होती. मी तिला घरापर्यंत सोडायला गेलो. तिच्या काठीच्या चालीनं वेळ लागत होता. मी म्हणालो, "सांगितलं, वयनी. सगलं सांगितलं."

ती चालतच राहिली. घर आल्यावर म्हणाली, "दगराचं सांगितलंत. दगराला काय लागलं होतं?"

मला तिथं उभं राहवेना.

ती म्हणाली ते खरं होतं. मी दोन अपराधांतला हलका निवडून पुढं केला होता. गावाला फसवलं, हे सांगताना मनात कुठंतरी आपण मोठे वाटतो. एवढ्या गावाला फसवणारा माणूस काही साधा नसतो. पोराला मारलं, यात काहीच मोठं नाही.

दुसऱ्या दिवशी मी जाऊन म्हणालो, "जिमवाला जातोय, गाळा रिकामा होईल. तुम्ही घ्या. भाडं नको." ती अंगणात बोंबील उलटत होती. म्हणाली, "माजे गुरघे त्या वक्ताला बरे होते, भावजी." रागानं नाही म्हणाली. बोंबलांकडं बघत म्हणाली.

भूमिपूजनाला मोठा मांडव. समितीनं माझ्या हाती माइक दिला; शाळेचा इतिहास, पाच मिनिटं, मग नारळ. मी शिंपल्यांच्या दंडाची गोष्ट सांगितली, लोक हसले. गुरुजींचं सांगितलं. मग मी म्हणालो, "या शाळेत, त्या आतल्या खोलीत, मी एका चार वर्षांच्या मुलीला मारलं. तिनं खोबऱ्याचा तुकडा खाल्ला होता. त्यानंतर इथली बालवाडी बंद झाली. शाळेच्या इतिहासातली शेवटची गोष्ट ही आहे. ती मी केली."

या वेळी कुणी हसलं नाही. लोक एकमेकांकडं बघायला लागले. पुतण्यानं हळूच माइक घेतला. "काका थोडे इमोशनल झालेत," तो म्हणाला. कुणी मला पाणी दिलं. समितीचे अध्यक्ष माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "लहान पोरगी होती हो, विसरली पन आसल. देवी माफ करते." बेंजो वाजायला लागला. नारळ फुटला, आणि शेजारच्या यंत्रानं विहिरीकडची भिंत ढकलली. ती बराच वेळ पडेना. त्या चुन्याला आमच्या यंत्राची घाई कळत नव्हती.

अध्यक्ष भला माणूस आहे. पण ती माफी त्यांची नव्हती द्यायची, आणि देवीची असेल तर ती मला अजून पोचलेली नाही.

वयनी मांडवाच्या कडेला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसली होती. धूळ तिच्यापर्यंत येत होती, तिनं पदर तोंडाला लावला होता. मी तिच्याशेजारी जाऊन बसलो. खूप वेळ आम्ही भिंत बघत राहिलो.

मग तिनं विचारलं, "तिचं नाव काय होतं, आठवतं?"

मला आठवेना. आठवण्याचा प्रश्नच नव्हता, मला ते कधी माहीतच नव्हतं. रोज तिच्या चाळीवरून जायचो. तिची आई माझ्याच मेहुण्याची भाडेकरू होती. मी मान हलवली.

"मला म्हाईत हाय," वयनी म्हणाली. "कुठं गेली, ते पन म्हाईत हाय."

"सांगा ना."

तिनं माझ्याकडं बघितलं. नजरेत राग नव्हता. चौथीतली पोरगी बघायची तसं बघत होती, उत्तर येत नसलेल्या पोराकडं.

"नाय सांगत," ती म्हणाली. "तुमाला बरं वाटायसाठी नाय सांगत."